डोक्यातलं रक्त आणि तोंडाचा वास

माझ्या नवऱ्याच्या डोक्यात रक्त साचत होतं, त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी त्यांच्या तोंडाचा वास घेत होते. हे कागदावर उतरवायला मला दोन वर्षं लागली. सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, म्हणून सुरुवातीलाच हे लिहून टाकलं.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. मी एका खासगी शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. माझे पती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. त्याआधी वीस वर्षं ते ट्रकवर होते, आग्रा रोडने इंदूरपर्यंत जायचे. त्या वीस वर्षांतली अकरा वर्षं ते प्यायचे. मुलाच्या दहावीच्या पेपरला त्याला सोडायला म्हणून गेले आणि परीक्षा केंद्राच्या फाटकातच सगळ्या पोरांसमोर आडवे झाले. त्यानंतर मात्र सोडली. घरात बसून, थरथरत, उलट्या काढत सोडली. त्याला सोळा वर्षं होऊन गेली होती. सोळा वर्षांत एक थेंब नाही. नातेवाइकांत मी हे मोठ्या तोऱ्याने सांगायचे. पण खरं सांगायचं तर ही सोळा वर्षं मी मनातून वाट बघत होते. कधीतरी हा माणूस परत तिकडे जाणार, हे मी धरूनच चालले होते.

तो जानेवारीचा महिना होता. नाशिकची थंडी त्या वर्षी चांगलीच पडली होती. ड्रायव्हिंग स्कूलचे मालक सकाळी गारठ्यामुळे शटर अर्धंच वर करायचे. हे वाकून आत शिरले आणि अंदाज चुकून जरा आधीच ताठ झाले. शटरची कड डोक्यात बसली. रक्त आलं नाही. चक्कर आली नाही. त्या दिवशी त्यांनी सहा जणांना गाडी शिकवली आणि जेवताना मला सांगितलं, "आज शटरने मस्त टपली मारली."

मी केसांतून हात फिरवून पाहिला. बोराएवढं टेंगूळ होतं. "साठी झाली, आता तरी बघून चाला," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो. जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे त्यांच्या हातावर रक्त पातळ करणारी गोळी ठेवली. तीन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवल्यापासून ती गोळी चालू होती आणि ती द्यायचं काम माझं होतं. चार दिवसांत टेंगूळ बसलं. शटरचा विषय संपला. मी तर तो पार विसरून गेले.

मग साधारण तिसऱ्या आठवड्यात ते सकाळी उठल्यावर डोकं धरून बसायला लागले. थंडीने होत असेल म्हणून मी आल्याचा चहा दिला. पेपर वाचता वाचता त्यांची मान खाली पडायची. एकदा चहा गाळताना त्यांना गाळणी हा शब्दच आठवेना. "ते दे ना... ते... चहाचं," असं म्हणत हातवारे करत राहिले. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी ते अगदी ठणठणीत होते, मुलाशी फोनवर पेट्रोलच्या गाड्या आणि सीएनजीच्या गाड्या यांवर अर्धा तास वाद घातला. त्यामुळे मी मनावर घेतलं नाही.

त्यानंतर एका संध्याकाळी ते एकाच पायात चप्पल घालून घरी आले.

"अहो, दुसरी चप्पल कुठंय?"

त्यांनी खाली पाहिलं. आपला डावा पाय अनवाणी आहे हे त्यांना तेव्हाच कळत होतं. "पडली वाटतं," ते म्हणाले. जीभ जड होती. उभं राहणंही वेगळं होतं, पाय फाकवून, दाराची चौकट धरून. असं उभं राहिलेला हा माणूस मी अकरा वर्षं पाहिला होता.

मी कॉलर नीट करायच्या निमित्ताने जवळ गेले आणि खोल श्वास घेतला. वेलदोड्याचा वास आला. बाकी काही नाही. पण पिणारी माणसं वास मारायला वेलदोडे चघळतात, हे मला कोणी सांगायला नको होतं. म्हणजे वास आला असता तर त्यांनी प्यायली होती, आणि आला नाही म्हणून तर नक्कीच प्यायली होती. त्या दिवसांत माझं डोकं असंच चालायचं.

त्यानंतर रोज मी कॉलर नीट केली. स्कूटरची डिकी पाहिली, माळा पाहिला, संडासातल्या फ्लशच्या टाकीचं झाकण काढून पाहिलं, कारण पूर्वी बाटली तिथे असायची. काहीच सापडलं नाही. मला वाटलं, हे आता हुशार झालेत.

एके दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन आला. चांगला माणूस, कधी वेडंवाकडं बोलला नाही.

"वहिनी, आज सर तपोवनात गाडी चालू असताना झोपले. शिकणाऱ्या मॅडम एकट्याच चालवत होत्या. मागच्या आठवड्यात गाडी दोनदा डाव्या बाजूने घासली. सरांनी वेळेवर क्लच-ब्रेक दाबला नाही. मला काय म्हणायचंय ते तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय."

"थोडे दिवस घरीच राहू द्या त्यांना."

तो शब्द त्यांनीही उच्चारला नाही आणि मीही नाही. पण फोन ठेवला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता हे माझ्या एकटीच्या मनातलं राहिलं नव्हतं.

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "कधीपासून घेताय?"

"काय?"

"मला वेड्यात काढू नका. कधीपासून?"

"नाही घेतली गं," ते म्हणाले आणि रडायला लागले. पूर्वीही प्यायल्यावर ते असेच रडायचे. त्यामुळे त्या रडण्याचा माझ्यावर काहीच परिणाम झाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शाळेला जाताना मी बाहेरून कुलूप लावायला लागले. भाजी-पोळी झाकून ठेवायची, पाण्याची बाटली भरून ठेवायची, मोबाइल काढून घ्यायचा आणि निघायचं. शेजारणीने विचारलं तर सांगायचे, यांना बरं नाही, झोपलेत. दुपारी परत यायचे तेव्हा ते सकाळी बसवलेल्या खुर्चीतच असायचे. एकदा पॅन्ट ओली होती. मी खूप बोलले त्यांना. काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि डाव्या हाताने शर्टाचं बटण काढायचा प्रयत्न करत राहिले. ते काढता येईना. शेवटी मीच काढलं, जोरात, तुटेल असं.

त्यानंतरच्या रविवारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील, अंगाने बारीक, हातात हेल्मेट. त्यांनी सांगितलं की त्या सरांकडे गाडी शिकतात, त्या दिवशी तपोवनात गाडी चालवत होत्या त्या त्याच. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. हे आत झोपले होते.

"मला तुम्हाला एकच सांगायचंय," त्या म्हणाल्या. "सर पीत नाहीत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी वीस दिवस त्यांच्या शेजारी बसलेय. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच असतो. तो त्यांना दाबताच येत नाही. डावा पाय उचलायचा तर ते हाताने मांडी धरून उचलतात. मी बघितलंय."

"पिणाऱ्याचे पाय असेच होतात."

"माझे मिस्टर दारूनेच गेले, ताई. घरात पंचवीस वर्षं वास होता. मला तो लगेच कळतो. तुम्ही सरांना डॉक्टरांना दाखवा."

मला याचा अतिशय राग आला. परकी बाई माझ्या घरात बसून माझ्या नवऱ्याची मांडी, माझ्या नवऱ्याचा पाय असं बोलत होती. मी म्हटलं, "तुमचे गेले म्हणून तुम्ही मला शिकवायला येऊ नका. मी यांना तुमच्यापेक्षा चांगली ओळखते."

त्या उठल्या. मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. दारात हेल्मेट घालता घालता त्या म्हणाल्या, "एकदा नुसता पाय बघा त्यांचा." आणि गेल्या.

मी पाय पाहिला नाही. मी पुण्याला मुलाला फोन केला आणि सांगितलं, पप्पांनी परत सुरू केलंय.

मुलगा दोन दिवसांनी आला. दहावीच्या त्या दिवसाबद्दल तो कधी बोलत नाही, पण तो दिवस त्याच्या आतून गेलेला नाही. आल्या आल्या चपलाही न काढता तो म्हणाला, "पप्पा, सोळा वर्षांनी? लाज नाही वाटली?" हे त्याच्याकडे बघत राहिले. ओठ हलले, पण शब्द नीट फुटेना. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. त्याचीही खात्री पटली.

शहराबाहेर एक व्यसनमुक्ती केंद्र आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी धरून त्यांना रिक्षात घातलं आणि तिथे नेलं. मी बॅगेत त्यांचे चार जोड कपडे, टॉवेल आणि साबण भरला होता. एक महिना तरी ठेवून घ्या असं सांगायचं ठरवलं होतं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठ्या. त्यांनी आधी मला विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

"रोजच घेतात बहुतेक."

"बाटली सापडली?"

"नाही."

"वास येतो?"

"नाही."

"कोणी घेताना पाहिलं?"

"नाही. पण मला कळतं ना."

"सध्या ते बाहेर जातात का?"

"नाही. मी कुलूप लावून जाते."

"किती दिवस झाले?"

"अकरा."

त्या म्हणाल्या, "अकरा दिवस घरात बंद आहेत, दारू मिळत नाही, आणि तब्येत रोज जास्त बिघडतेय. असं कसं होईल?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. शाळेत मुलांच्या हजेरीतली एका दिवसाची चूक मला लगेच दिसते.

त्या उठून यांच्याजवळ गेल्या. "काका, डोळे मिटा. दोन्ही हात पुढे करा, तळवे वर." उजवा हात तसाच राहिला. डावा हळूहळू वळला आणि खाली खाली यायला लागला. यांना ते कळत नव्हतं. ते डोळे मिटून, सांगितलेलं नीट केलंय अशा चेहऱ्याने बसले होते.

"यांच्या डोक्याला मार लागला होता का? गेल्या दोन-तीन महिन्यांत?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही," मुलगा म्हणाला.

"शटर," हे म्हणाले.

डोळे मिटलेलेच होते. तेवढा एकच शब्द, पण स्पष्ट. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, काल दिली का? मी हो म्हटलं. काल दिली होती, परवा दिली होती, एकही दिवस चुकवली नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि मुलाच्या हातात दिली. "माझ्याकडचं काम नाही हे. आत्ताच्या आत्ता डोक्याचा सीटी काढा. घरी जाऊ नका."

दुपारपर्यंत आम्ही मेंदूच्या सर्जनसमोर बसलो होतो. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. कवटीचा पांढरा गोल, आत मेंदू, आणि उजवीकडे दोघांच्या मध्ये चंद्रकोरीसारखा एक राखाडी पट्टा. त्या पट्ट्याने मेंदू डावीकडे ढकलला होता, मधली रेघ वाकडी झाली होती.

"हे रक्त आहे," ते म्हणाले. "मेंदूच्या आत नाही, मेंदूच्या बाहेर, आवरणाखाली. उजवीकडे आहे म्हणून डावं अंग लुळं पडतंय."

"पण साधं टेंगूळ होतं हो. चार दिवसांत बसलं."

"टेंगूळ बाहेरचं. त्याचा आणि याचा संबंध नाही." त्यांनी कागद ओढून त्यावर काढून दाखवलं. वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो, कवटी तेवढीच राहते. मेंदूपासून वरच्या आवरणापर्यंत बारीक शिरा गेलेल्या असतात, त्या ताणल्या जातात. मग छोटासा धक्काही पुरतो. एखादी शीर तुटते आणि रक्त झिरपायला लागतं. एकदम नाही, भिंतीने ओल धरावी तसं. आकसलेल्या मेंदूभोवती आधी मोकळी जागा असते, म्हणून दोन-तीन आठवडे काहीच कळत नाही. जागा संपली की दाब पडायला लागतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर झिरपणं सहजासहजी थांबत नाही.

"एखाद्या दिवशी माणूस चांगला असतो, एखाद्या दिवशी वाईट," ते म्हणाले. "त्यामुळे घरच्यांना नाटक वाटतं. कोणी म्हातारपण म्हणतं, कोणी डिप्रेशन. पूर्वी दारू घ्यायचे का?"

"सोळा वर्षांपूर्वी सोडली," मुलगा म्हणाला.

"त्यानेही मेंदू आकसतो. तेही एक कारण असेल."

हे ऐकल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवरा स्ट्रेचरवर पडला होता आणि मला बरं वाटलं, की बघा, दारू होतीच, मी अगदीच चुकले नव्हते.

गोळीचा परिणाम कमी करायला आधी प्लेटलेट चढवाव्या लागल्या. मग ऑपरेशन झालं. कवटीला दोन छोटी भोकं पाडून साचलेलं काढलं. बाहेर आल्यावर सर्जन म्हणाले, "जुन्या इंजिन ऑइलसारखं होतं, काळपट. बऱ्याच दिवसांचं." दोन दिवस डोक्याला नळी ठेवली. ती एका पिशवीत गळत होती. मी त्या पिशवीकडे बघत बसायचे, दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डावा पाय हलवला. गुडघ्यात वाकवला, सरळ केला. नर्सने वार विचारला, तो बरोबर सांगितला. शहर विचारलं, तेही. जीभ पूर्वीसारखी चालत होती. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुलूप काढलंस का?"

"काढलं," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले.

त्या दिवसांतलं त्यांना काही आठवत नसेल, अशी माझी आशा होती. आजारात मेंदू दाबला गेला होता, आठवण राहिली नसती तर कोणाला नवल वाटलं नसतं. पण बरंचसं आठवत होतं. चौथ्या दिवशी मी त्यांना भात भरवत होते. त्यांनी चमचा माझ्या हातातून घेतला, डाव्या हाताने, आणि म्हणाले, "तू माझी कॉलर नीट करायला यायचीस. पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. म्हटलं, या वयात बायको जवळ येतेय. मग कळलं कशाला येतेस."

"मला माफ करा."

"माफ करण्यासारखं काय आहे? मी प्यायचोच ना." ते भात खात राहिले.

यात राग असता तर मला पेलला असता. ते अगदी सरळ, हिशेब बरोबर आहे असं सांगावं तसं बोलले. मुलालाही त्यांनी काही म्हटलं नाही. मुलगा रोज पाय चेपायचा, दोन-तीनदा व्हरांड्यात जाऊन रडून आला. त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. माझ्यापर्यंत तो हात आला नाही.

गाडी शिकणाऱ्या त्या बाई एकदा भेटायला आल्या. हे त्यांच्याशी बराच वेळ बोलले, त्यांच्या लायसन्सच्या टेस्टची चौकशी केली, आठचा आकडा काढताना नजर कुठे ठेवायची ते सांगितलं. मी विचारलं, "चहा आणू का?" "नको," त्या म्हणाल्या, "मी लगेच निघणार." त्यांनी मला काही ऐकवलं नाही. मीही त्यांना 'तुमचं बरोबर होतं' एवढे तीन शब्द म्हणू शकले नाही. लिफ्टपर्यंत मागे गेले आणि दार बंद झाल्यावर परत आले.

महिन्याभराने सर्जनकडे दाखवायला गेलो. नवीन सीटीत पट्टा जवळजवळ नाहीसा झाला होता. गाडी इतक्यात चालवायची नाही, असं त्यांनी बजावलं. डोकं दुखतं का, चालताना तोल जातो का, सगळं विचारलं. यांनी नीट उत्तरं दिली. शेवटी सर्जन माझ्याकडे वळले, "घरच्यांना काही बदल जाणवतो का? कधी कधी पेशंटला स्वतःला कळत नाही, जवळच्या माणसाला आधी दिसतं."

"त्यांना विचारू नका," हे म्हणाले.

सर्जनना वाटलं गंमत आहे. ते हसले. मीही हसले.

रिक्षात मी विचारलं, "असं का म्हणालात?"

"डॉक्टरला खोटी माहिती जायला नको," ते म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. मुंबई नाक्याचा सिग्नल सुटेपर्यंत मी दुसरं काही बोलायला शोधत होते.

आता ते चांगले आहेत. मालकांनी त्यांना परत घेतलं, पण ते गाडीत बसत नाहीत. ऑफिसात बसून नव्या लोकांना रस्त्याची चिन्हं आणि नियम शिकवतात. आमचं भांडण होत नाही. ते भाजी आणून देतात, मी करते. मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं. शाळेत कोणाच्या सासऱ्याचा तोल गेला, कोणाच्या आईला शब्द सापडेनासे झाले, की मी लगेच विचारते, डोक्याला काही लागलं होतं का, अगदी थोडंसं, दोन महिन्यांपूर्वी? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? एका शिपायाच्या वडिलांचं माझ्यामुळे वेळेत कळलं. त्याने पेढे आणून दिले. घरी आणून मी ते यांच्यासमोर ठेवले आणि का मिळाले ते सांगितलं. त्यांनी एक घेतला. "चांगलं केलंस," म्हणाले.

स्वतःबद्दल मात्र ते मला काही सांगत नाहीत. मी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बरं आहे."

गेल्या महिन्यात एका रविवारी मुलाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "बरं झालं ना आई, पप्पांचा सीटी नॉर्मल आला. चार दिवस डोकं दुखत होतं म्हणाले, मला तर धडकीच भरली होती. एकटे कशाला गेले पण? तू का नाही गेलीस बरोबर?"

चार दिवस डोकं दुखत होतं. मला माहीत नव्हतं. सीटी काढला, मला माहीत नव्हतं.

"शाळेत इन्स्पेक्शन होतं रे," मी म्हटलं. "पण आल्या आल्या मी रिपोर्ट बघितला. सगळं नॉर्मल आहे."

हे माझ्यासमोरच जमिनीवर पेपर पसरून लसूण सोलत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मान वर केली नाही.